डफड्याच्या ठेक्यावरची काठी

हे माझ्या नवऱ्याला अर्धंच माहीत आहे, आणि बाकी कुणाला तेवढंही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत नाही माझी. बघू, आज तरी उचलते का.

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात मी मुलींना लाठी शिकवते. विहारामागच्या मैदानात, शाळा सुटल्यावर. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या माझ्या मुली सगळ्यात पुढे असतात. डफडं कडाडतं आणि काठ्या अशा गरगरतात की पंख्याची पाती वाटावीत. बघायला या कधी. खरंच छान दिसतं. आणि सगळी भानगड तिथेच आहे — छान दिसतं. पण कामाला येतं का? समोर खरा माणूस चालून आला, तर?

हा प्रश्न मला स्वतःहून कधी पडला नव्हता. तो दिनेशने विचारला. दिनेश आमच्याच गल्लीतला, पोलीस भरतीची तयारी करायचा, मैदानाला चकरा मारायचा. एकदा धावता धावता थांबला आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाला, "बाई, हे तं नाच हाये. पोरगी एकटी सापडली तं हे काय कामाचं?" माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "रविवारी काठी घेऊन ये. मले मारून दाखव."

बोलले खरी. पण घरी येऊन भाकरी थापताना मनात सगळा सराव उकलून बघितला. कसं आहे, आमच्या सरावात जोडीदारीण डफड्याच्या ठेक्यावर वार करते, आणि तोही ठरलेल्या जागी — डोकं, खांदा, गुडघा, पुन्हा डोकं. वर्षानुवर्षं मी तेवढेच वार अडवत आले होते. ठरलेला नसलेला वार मी जन्मात अडवला नव्हता. हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, परातीसमोर.

मग मी काय केलं? शनिवारी दुपारी दिनेशच्या घरी गेले. म्हटलं, पोरींचं मन मोडेल रे, आमच्या क्रमानेच मार, ठेक्यावर. तो हसला. "तुमच्यासाठी चालते बाई," म्हणाला. रविवारी अर्धं गाव जमलं, डफडं वाजलं, आणि मी त्याच्या हातातली काठी उडवली. मुली नाचल्या. दिनेशची महिनाभर टिंगल झाली, ती त्याने मुकाट सोसली. पुढे भरती होऊन तो सिरोंचाकडे गेला. त्याने कधीच कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

इथवरचं तुम्ही हसून सोडून द्याल. थांबा जरा.

मला खोड आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती उकलून बघितल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. अंगणात तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा पडला होता. तुराटी हलकी असते, अंगावर लागली की मोडते. नवऱ्याच्या हातात एक दिली आणि म्हटलं, मारा मला. कधीही, कुठेही, सांगू नका. तो गांगरला. "खरंच मारू काय वं?" एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे तो, आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्याने डाळीचा भाव सांगता सांगता सपकन माझ्या घोट्यावर दिली. मी काठी फिरवायच्या आत. पुन्हा खांद्यावर. पुन्हा पाठीत. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो.

पण मी सोडलं नाही. रोज संध्याकाळी आमचा तो खेळ सुरू झाला. आणि हळूहळू मला दिसायला लागलं — मी डोळ्यांनी अडवतच नव्हते. कानांनी अडवत होते. डफडं थांबलं की माझे हात वाट बघत राहायचे. दुसरं म्हणजे, काठी गोल फिरत असताना समोरचा माणूस सरळ आत शिरतो. सरावात जोडीदारीण फेरा पूर्ण व्हायची वाट बघते ना. खरा माणूस कशाला बघेल? मग कामाला काय आलं, ठाऊक आहे? लांबून काठीचं टोक सरळ पोटात ढोसणं. आणि ढोसून पळणं. बस्स, एवढंच. ते आम्ही शिकवत नाही, मिरवणुकीत ते शोभत नाही.

म्हणजे मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. मैदानात जाऊन एवढंच सांगायचं होतं — पोरींनो, हे नाचासारखं सुंदर आहे, दम वाढवतं, पण कुणी अडवलं तर पळा. का नाही सांगितलं? कारण त्या रविवारनंतर आजूबाजूच्या गावांतून मुली यायला लागल्या होत्या. आया मला म्हणायच्या, बाई, तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत. ते ऐकायला मला फार गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आता मयूरी. माझी सगळ्यात गुणी मुलगी. ब्रह्मपुरीला नर्सिंग शिकायची, काळीपिवळी जीपने येऊन फाट्यावर उतरायची आणि तिथून घरापर्यंत पायी यायची. सराव बुडू नये म्हणून काठी सोबतच असायची. एका संध्याकाळी फाट्यावर दोघे पिऊन उभे होते. त्यांनी वाट अडवली. मागे चहाची टपरी उघडी होती, माणसं होती — पळाली असती तर दहा पावलांत पोचली असती. ती पळाली नाही. ती उभी राहिली आणि काठी फिरवायला लागली.

फेरा अर्धा असतानाच एक जण आत शिरला. काठी धरली, पिळली. तिचं मनगट मोडलं. ओरडणं ऐकून टपरीवरची माणसं धावली म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मी भेटायला गेले तेव्हा घर भरलेलं होतं. हाताला प्लास्टर, चेहरा उतरलेला. मला वाटलं, ही आता रडेल, मला शिव्या देईल. तिने फक्त विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिची आई, शेजारपाजार, माझ्याच दोन मुली. आणि मी — मी म्हणाले, "डावा पाय मांग राह्यला तुझा."

मी तिथे नव्हते हो. तिचा कुठला पाय कुठे होता, मला काय माहीत? पण तिने मान हलवली. आठवून बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "हो बाई. राह्यला असन." आईने तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं. घरी येऊन मी तुराट्यांचा भारा चुलीत घातला. नवऱ्याने विचारलं, काऊन? मी म्हटलं, कंटाळा आला.

मयूरी आता गडचिरोलीला नर्स आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या मुलींना लाठी शिकवते. या वर्षी तिने मला पाहुणी म्हणून बोलावलं. मैदानात पुढेच खुर्ची ठेवली होती. सुरुवातीलाच तिने बाही वर केली, वाकडं जुळलेलं मनगट मुलींना दाखवलं आणि म्हणाली, "चूक काठीची नव्हती. माझा डावा पाय मांग राह्यला होता. आमच्या बाईंनी सांगतलं तेव्हा कळलं. तुम्ही भेऊन पळू नका, फक्त पाय सांभाळा." मुलींनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मग डफडं सुरू झालं. मयूरी वाकून एकेकीचा डावा पाय हाताने पुढे सरकवत होती. मी खुर्चीत बसून डफड्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होते.