मोनारोची खांदशेकणी

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात वापरतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे या सदरात लिहिणारी बाई कोणत्या जातकुळीची आहे याबद्दल गैरसमज नको. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, नंदनवनला राहते, आणि कुणाच्या "अंगात आलं" असं ऐकलं की मला आधी त्याचं बीपी तपासावंसं वाटतं. इथले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, मनातल्या मनात चुका काढत. आता माझ्याही काढा... खरंच काढा, मला त्या हव्या आहेत.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. मौद्याजवळ आमची शेती. तरुणपणी बाबा शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवायचे, म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारे धुरकरी होते ते. माझा धाकटा भाऊ प्रशांत इंजिनीअर होऊन ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडचाच झाला. बापलेकांचं भांडण वगैरे काही नव्हतं. बोलायलाच काही नव्हतं, ते जास्त वाईट. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, दोघं एकमेकांच्या हवामानाची चौकशी करायचे, आणि मग दोघंही फोन माझ्याकडे कधी येतो याची वाट पाहायचे.

मग प्रशांतनं ती गाडी घेतली.

जुनी, साठच्या दशकातली, दोन दारांची. मोनारो. पांढरी, आणि बोनेटवर काळे पट्टे. पगार साठवून घेतली आणि स्वतः खपून दुरुस्त केली. पहिल्यांदा कॅमेरा तिच्याकडे वळवला तेव्हा बाबा खुर्चीत सरसावून बसले.

"बांड्या आहे हा!" बाबा म्हणाले. अंगावर असे पट्टे-ठिपके असलेल्या बैलाला आमच्याकडे बांड्या म्हणतात. त्या दिवसापासून ती गाडी 'ती' राहिलीच नाही.

"मोनारो नाव कोनं ठेवलं गा याचं?" बाबांचा पुढचा प्रश्न.

प्रशांतनं सांगितलं की तिकडे त्या नावाचा एक मुलूख आहे. गाडीला नाव शोधत असताना कंपनीचा एक माणूस त्या भागातून चालला होता. तिथल्या सरकारी कचेरीच्या पाटीवर त्यानं ते नाव वाचलं आणि त्याला आवडलं.

"म्हंजे मी तहसील कचेरीची पाटी वाचून बैलाचं नाव मौदा ठेवलं असतं, तसं?" बाबा हसून हसून खोकायला लागले. मग एकदम गंभीर झाले. "अर्थ काय आहे पन?"

"तिथल्या मूळ लोकांचा शब्द आहे म्हणतात, बाबा. उंचावरचा सपाट मुलूख, असं काहीतरी."

"पठारावरचा आहे तं. तरीच छाती रुंद आहे."

तेव्हापासून रविवारचे कॉल लांबू लागले. तिकडे बाथर्स्ट नावाच्या गावी एक डोंगर आहे, त्याच्याभोवतीच्या रस्त्यावर मोठी शर्यत होते. मोनारो नवी आली त्याच वर्षी तिथं उतरली आणि जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. अख्खा दिवस चालणारी शर्यत हे ऐकून बाबा हादरले होते. आपला पट तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो! मग कंपनीनं शर्यतीला दुसरी, लहान गाडी उतरवायला सुरुवात केली हे कळलं, तेव्हा बाबांना इतका राग आला की त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. "जिंकून देनाऱ्याले असं बाजूले बसवतेत का?" तीसेक वर्षांनी तेच नाव पुन्हा नव्या गाडीला दिलं, आणि त्याच डोंगरावर दिवसरात्र चाललेली शर्यत तिनं मारली, हे प्रशांतनं मुद्दाम पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलं होतं. बाबांनी मांडीवर थाप मारली. "बीज तेच आहे ना बापा!"

माझा भाऊ बाबांना गोष्ट सांगतोय आणि बाबा लहान पोरासारखे "मंग?" करतायत... मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. मला फार बरं वाटायचं.

आता मूळ प्रसंग. गेल्या वर्षी पोळ्याच्याच दिवशी प्रशांतच्या क्लबला त्या डोंगरावर जुन्या गाड्या चालवायची परवानगी मिळाली होती. शर्यत नव्हे, पण बऱ्यापैकी वेगात. यासाठी तो किती दिवस झुरत होता ते मला माहीत आहे. बाबांनी एकच अट घातली. आदल्या दिवशी खांदशेकणी झाली पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. वर्षभर जू वाहिलेले असतात ते खांदे. आणि चोळता चोळता बैलाला जेवायचं निमंत्रण देतात. प्रशांत हसला, पण वाटीत तूप-हळद घेऊन गॅरेजमध्ये उभा राहिला. आमच्याकडे दुपारची जेवणं उरकली होती. मी बाबांसमोर फोन धरला होता. प्रशांतनं त्याचा फोन शेल्फवर टेकवला आणि पुढच्या उजव्या चाकावरचा पत्रा चोळायला लागला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," बाबा इकडून म्हणाले. प्रशांत तिकडून म्हणाला.

मग डावी बाजू. बाबांनी स्वतःचा हातही हवेत धरला होता, पंजा पसरून, त्याच्या हाताबरोबर फिरवत. आणि एकदम तो हात थांबला.

"डावा खांदा दुखून राहिला याचा."

"काय?"

"थरथरून राहिला तो. उद्या जुंपू नको याले."

इंजिन बंद होतं हे मी स्वतः सांगते. प्रशांत चिडला. आठवड्यापूर्वीच गाडी तपासून घेतली होती.

"बाबा, गाडी आहे ते. बैल नाही."

"मले समजते गाडी आहे. मी पागल नाही झालो," बाबा म्हणाले. "पन नको जुंपू, गा. पोळ्याच्या दिवशी कोनी खांद्यावर जू ठेवत नाही."

"मी किती वाट पाह्यली या दिवसाची, तुम्हाले माहीत आहे ना?"

"मीबी पाह्यली होती." बाबांचा आवाज खाली आला. "माह्या बैलाचा खांदा सुजला होता पटाच्या दिवशी. हाताले कळलं होतं मले. पन पैला नंबर पाह्यजे होता. जुंपला. धावला तो, बापा... जिंकून देल्लं त्यानं. अन् मंग खाली बसला तो उठलाच नाही."

हे आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. प्रशांत काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तो "बघतो" म्हणाला आणि फोन बंद केला.

बाबा रात्री जेवले नाहीत. सकाळी चहा नको म्हणाले. देवापुढे मातीचे बैल मांडून ठेवले होते, त्यांच्याकडे बघत बसून राहिले. मी प्रशांतला दोनदा फोन लावला, उचलला नाही. निघाला असणार हे उघड होतं. तिकडे दुपार म्हणजे आपल्याकडे सकाळ... पुरणाची डाळ शिजत होती आणि मला त्या सगळ्याचा, गाडीचा, डोंगराचा, भावाचा, भयंकर राग येत होता. आणि भीती वाटत होती. फिजिक्सवालीला कसली भीती, म्हणाल. वाटत होती.

तेवढ्यात बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "बसला तो."

मी हात पुसत बाहेर आले. त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला होता.

"बरं झालं. चहा टाक वं आता."

चहा उकळत असताना प्रशांतचा फोन आला. हुंदके देत होता. "लागलंय का तुला?" मी आधी विचारलं. पण तो धडधाकट होता. डोंगराच्या पायथ्याशी गाड्या एकेक करून सोडत होते. याची पाळी आली आणि इंजिन बंद पडलं. ढकलून बाजूला घेतली तर एका चावीत सुरू. पुन्हा रांगेत लावली, पुढच्यानं जागा सोडली, की पुन्हा बंद. असं होतच राहिलं. मागचे लोक हसायला लागले.

"ताई, बांड्या बसला गं. आपले बैल बसतात ना मान टाकून, तसाच बसला."

मग त्याला बाबांचे शब्द आठवले. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला घेऊन त्यानं गाडी जॅकवर चढवली. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा सांधा, तडकला होता. जेमतेम धरून होता. डोंगराच्या उतारावर, त्या वळणांवर, चाक निखळलं असतं.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रडू नको. खांदा बदलून घे त्याचा. अन् पुरनपोळी चार आज."

कारण शोधायचा मी पुष्कळ खटाटोप केला. स्क्रीनवर गाडी डावीकडे झुकलेली दिसली असेल का? खांदशेकणीच्या आधी प्रशांतनं गॅरेजमधल्या गाडीचा फोटो पाठवला होता, तो मोठा करून पाहिला. सरळ उभी आहे. इंजिन का बंद पडलं असेल? तिकडच्या मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. आणि इंजिनाचा त्या सांध्याशी तसाही काही संबंध नाही. एवढं सगळं योगायोग म्हणून सोडून देते, चला. पण नंदनवनच्या खोलीत बसलेल्या माणसाला "बसला तो" हे फोन येण्याआधी कसं कळलं? बाबांना विचारलं तर ते माझ्याकडेच चमत्कारिक नजरेनं बघतात. "त्याच्यात काय कळाचं आहे वं?" एवढंच.

यंदा प्रशांत पोळ्याला घरी येतोय. कितीतरी वर्षांनी. हे त्यानं सांगितलं तेव्हा मला वाटलं बाबा आनंदानं उठून उभे राहतील. पण ते स्क्रीनजवळ तोंड नेऊन, चिंतेच्या सुरात म्हणाले,

"तू ये. येच तू. पन मंग बांड्याजवळ कोन राहीन?"