वहिनीची केमो

वहिनीच्या मांडीतली गाठ दुखत नव्हती, त्यामुळे बरेच दिवस कुणी ती मनावर घेतली नाही. चरबीची असेल, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. विळ्याने सोयाबीन सोंगताना तिला उकिडवं बसता येईना, तेव्हा मी तिला मेडशीहून अकोल्याला नेलं. दादा आला नाही. दवाखान्याच्या वासाने त्याला भोवळ यायची.

गाठीचा तुकडा तपासला. सार्कोमा निघाला. स्नायू, चरबी अशा मऊ भागात होणारा, क्वचितच दिसणारा कॅन्सर. फुफ्फुसांतही ठिपके होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "केमोने गाठ आकसेल, काही महिने मिळतील, कदाचित जास्तही. पण मुळापासून जाणार नाही. काहींना औषध लागूच पडत नाही, आणि ते आधी कळत नाही."

परतताना एसटीत वहिनीने विचारलं, "भाऊजी, डाक्टर तुमाले बाहीर काय बोलला?"

मी सगळं सांगितलं. तिने खिडकीची काच ओढून लावली. मग म्हणाली, "तुमच्या दादाले मीच सांगतो. तुमी मधात पडू नका."

तिने कसं सांगितलं, मला माहीत नाही. पण पहिल्या केमोला दादा बरोबर आला आणि बाहेर पायऱ्यांवर बसून राहिला. पुढच्या खेपेला वॉर्डाच्या दारापर्यंत आला. नंतर मात्र लाल औषध नळीतून उतरत असताना तो तिच्या खाटेशीच बसायचा. तिचे केस गेले. "तुमच्यापेक्षा माह्यं टक्कल गुळगुळीत हाय," ती त्याला म्हणाली, आणि शेजारच्या खाटेवरची बाईही हसली.

पुढच्या स्कॅनमध्ये मांडीतली गाठ बरीच लहान झाली होती. फुफ्फुसातले ठिपके होते तेवढेच. डॉक्टर समाधानी दिसले.

"मंग बरी होते का नाही हे?" दादाने विचारलं.

"बरी नाही होणार. पण वाढ थांबलीय."

"थांबलं म्हंजे राह्यलंच ना तिथं?"

डॉक्टरांनी मान डोलावली. वहिनीच म्हणाली, "थांबलं हे काय कमी हाय? मले तुरी तं पाहू द्या."

त्या हिवाळ्यात ती डोक्याला रुमाल बांधून शेतात जायची. काम होत नसे. बांधावर बसून हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायची आणि मजूर बायांशी गप्पा मारायची.

उन्हाळ्यात खोकला लागला. ठिपके वाढले होते. दुसरं एक औषध होतं, पण त्याची आशा कमी आहे, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. वहिनीने नको म्हटलं. दादा रागावला, तिच्याशी बोलेना. मग एका सकाळी स्वतःच अकोल्याला गेला आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन आला. त्यानंतर गोळ्या द्यायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पेरणीच्या दिवसांत ती घरीच वारली. तेराव्याला कुणीतरी दादाला विचारलं, एवढी केमो केली, तिचा काही उपयोग झाला का?

"झाला ना," तो म्हणाला. "हिवाळाभर चालत होती."