बॉयलरला भुजंगाचा दोर

निजामाच्या अमलात मानवतच्या हमालांचा एक कायदा होता, आणि तो कुठल्या कचेरीत लिहिलेला नव्हता. जड मालाला ज्या मुकादमानं पहिला दोर बांधला, काम त्याचं. त्यानं स्वतः गाठ सोडेपर्यंत दुसऱ्या टोळीनं मालाला बोट लावायचं नाही. भुजंग मुकादमाची उभी हयात या कायद्यावर गेली. देवाला मानत नव्हता इतका तो दोराला मानायचा.

बन्सीधर शेठनं सरकी काढायच्या आपल्या कापूस जिनासाठी बॉयलर मागवला, तेव्हा सुपारी फोडून भुजंगाला शब्द दिला: ठेसनापासून जोत्यापर्यंत काम तुझं. भुजंगाच्या टोळीनं ओंडक्यांवरून ते धूड जिनाच्या अर्ध्या चढावर आणलं, दोर वरच्या निंबाला आवळला आणि माणसं भाकर खायला विहिरीवर गेली. परतली तर जिंतूरची टोळी पहारी लावून उभी, आणि शेजारी शेठ. त्याला स्वस्तात मिळाली असणार, दुसरं काय?

"शेठजी, सुपारी माझ्यासंगं फोडली व्हती," भुजंग म्हणाला.

"सुपारी खाल्ली, संपली. कागद आहे का तुझ्याकडं?"

जिंतूरचा मुकादम बिरू हसला. "दोराचं लय कौतिक हाय जनू. घ्या की मग तुमचा दोर."

मग पहारी चालल्या. भुजंगाच्या भाच्याचं, चंद्रभानचं, डोकं फुटलं. जिंतूरच्या एकाचा हात कोपरातून लोंबायला लागला. त्या गर्दीत बिरूनं कुऱ्हाडीनं दोर तोडला. बॉयलर कशाच्या जोरावर थांबलाय, हे त्या शहाण्यानं पाहिलंच नव्हतं. धूड मागं घसरलं आणि बिरूचा पाय मांडीपर्यंत त्याच्याखाली गेला.

सगळे पहारी घेऊन बॉयलर उचलायला धावले. भुजंग आडवा झाला.

"कुनी हात लावायचा न्हाई. काम कुनाचं हाय ते शेठला बोलू द्या."

बिरू माती चावत होता. विहिरीवर भाकरी घेऊन आलेल्या भुजंगाच्या बायकोनं, कडूबाईनं, त्याचा दंड धरला. "अवो, मानूस मरायलाय."

"मरू दे. बोला शेठजी."

"काम तुझं," बन्सीधर पुटपुटला.

"मोठ्यानं."

बन्सीधर ओरडला. तेव्हा कुठं भुजंगानं पहार घातली आणि एका दमात बॉयलरची कड तेवढी तोलून धरली. बिरू निघाला, पाय गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी भुजंग नवा दोर घेऊन आला. टोळीतलं कुणी आलं नाही. चंद्रभान डोक्याला फडकं बांधून विहिरीवर बसलेला.

"चल की," भुजंग म्हणाला.

"मामा, आमी त्याच्या पायाकडं बघायलो व्हतो. तुमी शेठच्या तोंडाकडं."

भुजंगानं एकट्यानंच दोर बांधला. कायद्यानं काम त्याचंच होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणी बॉयलरला हात लावला नाही, आणि एकट्याच्यानं तो हलला नाही.