पुढचं डावं चाक

श्रावण मिस्त्रींकडे गाडी नेली की ते गाडीकडे बघत नसत, माणसाकडे बघत. बाजेवरून न उठता म्हणत, "आवाज काढून दाखवा." म्हणजे तोंडाने. गाडीत जो काही आवाज येत असेल तो मालकाने भर रस्त्यावर, चार लोकांदेखत काढून दाखवायचा, मगच मिस्त्री पान्याला हात लावणार. अकोल्यात त्यांच्या कडुलिंबाखाली मी एका न्यायाधीशांना "खुर्र, खुर्र, खट्" करताना या डोळ्यांनी पाहिलं आहे. समोरच्या पानठेल्यावर त्यांनीच जामिनावर सोडलेला एक इसम उभा होता. बिचारा मान खाली घालून चुन्याची डबी उघडझाप करत होता. मिस्त्रींनी न्यायाधीशांकडून तीनदा आवाज काढून घेतला आणि म्हणाले, "खट् जरा उशिरा घ्या साहेब. तुमी घाई करून राहिले."

यात थट्टा नव्हती, किंवा असली तरी थोडीच होती. मिस्त्री उजव्या कानाने ठार बहिरे होते. जिनिंगच्या कारखान्यात इंजिनाशेजारी बारा वर्षं काढली, तिथे तो कान ठेवून आले. उरलेल्या डाव्या कानावर आणि दातांवर त्यांचा धंदा चाले. बाभळीची हातभर काडी होती, तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं दाताखाली धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा हे बघून हबकत असे. मग मिस्त्री डोळे उघडून कुठला नट ढिला आहे ते सांगत आणि तोच निघे. दातांची त्यांना फार काळजी. मी डॉक्टर, पण दात कसे राखावेत यावर व्याख्यान तेच मला देत.

मी अकोल्यात बायकांची डॉक्टर होते. साठ सालानंतरचे ते दिवस. एका डॉक्टरांनी गाव सोडताना विकलेली जुनी विलायती मोटार मी घेतली आणि चालवायला शिकले. अकोल्यात तेव्हा करमणूक बेताचीच होती, ती कमतरता मी भरून काढली. बाई मोटार चालवते हे बघायला लोक ओट्यावर येऊन बसत. बसू देत बापडे! दर मंगळवारी मी दर्यापूरला जाई. तिथे दोन खोल्यांचा माझा दवाखाना होता. आजूबाजूच्या गावांतून बायका बैलबंड्यांत बसून येत, कारण बाईमाणसाने तपासायचं तर त्या भागात मीच होते. गाडी होती म्हणून दर्यापूर होतं. बसने गेले असते तर निम्मा दिवस स्टँडवरच गेला असता.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त तहसीलदार. निवृत्त झाले ते कचेरीतून, हुकूम सोडण्यातून नव्हे. गाडी त्यांना पहिल्यापासून खुपत होती. यजमान कॉलेजात शिकवत आणि घरात काही झालं की दोन्ही बाजू बरोबर आहेत असं म्हणून वर्तमानपत्र उघडत. अशा घरात एका पावसाळ्यात माझी गाडी घरघरू लागली.

घरघर तरी कशी? हळू चालवलं तरच येई, तीही कधी येई, कधी नाही. वेग घेतला की गप्प. मामंजींना दाखवायला गाडीत बसवलं तर गाडी अशी शहाण्यासारखी चालली की माझंच डोकं फिरल्यासारखं वाटावं. मामंजी म्हणाले, दोष यंत्रात नसून चालवणारीत आहे. एका ठेकेदाराने गाडी मागितली होतीच. त्यांनी मला आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात आवाजाचं कारण सापडलं तर ठीक, नाहीतर गाडी ठेकेदाराला. उद्या रस्त्यात चाक निखळलं तर लोक तहसीलदाराच्या घराला नावं ठेवतील, असा त्यांचा मुद्दा होता. निखळलेल्या चाकासोबत मीही असणार, हे त्यात कुठे आलं नव्हतं.

मिस्त्रींनी मला आवाज काढायला लावला. मी काढला. लाज मी केव्हाच सोडली होती, ती या धंद्यात परवडत नाही. दोन-तीनदा ऐकून मिस्त्री एवढंच म्हणाले की बाई म्हणते आवाज येते, त येते. त्या आठवड्यात माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग सुरू झाली आमची वरात. आवाज हळू चालतानाच येतो, म्हणून मी माणसाच्या पावलाने गाडी चालवायची आणि मिस्त्रींनी माझ्या दाराशेजारून, मडगार्डवर हात ठेवून, डावा कान गाडीकडे करून चालायचं. असे आम्ही सबंध अकोला हिंडलो. एका म्हातारबाबांनी टोपी काढून हात जोडले, त्यांना वाटलं आत कुणी गेलेलं आहे. चार दिवस झाले. आवाज यायचा, पण कुठून ते मिस्त्रींना उमगेना. त्यांनी मागची दोन्ही चाकं खोलली, गिअरबॉक्सला काडी लावली, माझ्या बाजूचं पुढचं चाक खोलून ग्रीस भरलं. काही नाही. सहाव्या दिवशी ते बाजेवर बसून राहिले, चहासुद्धा प्यायले नाहीत. एरवी दिवसाला पंधरा कप होत.

सातव्या दिवशी ते आपण होऊन आमच्या घरी आले. गाडी फाटकातून आत घेताना ऐकू म्हणाले. मामंजी ओसरीत बसले होते. मिस्त्रींनी त्यांनाही आवाज काढून दाखवायला सांगितलं. मामंजी म्हणाले, "घर्षणजन्य ध्वनी आहे, अनियमित." मिस्त्री म्हणाले, "मले आवाज पायजे साहेब, अर्ज नाई." मामंजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी बघितला नाही, कारण तेवढ्यात दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गाडीत त्या जन्मात बसल्या नव्हत्या. त्यांनी बाहेर न येताच काढून दाखवला, "खर्र, खुळ. खर्र, खुळ." अगदी तोच! मिस्त्री ताडकन उठले. तुम्ही कुठं ऐकला, असं त्यांनी विचारलं.

"फाटकापाशी," आत्याबाई म्हणाल्या. "सून येईपर्यंत मी तिथंच तं उभी राह्यतो. माह्या अंगाकडच्या चाकातून येते. पुढच्या."

त्या उभ्या राहत ती बाजू डावी. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. चांगला कान डावा, तो गाडीकडे करायचा म्हणून ते चारही दिवस उजव्या बाजूनेच चालले होते. दुखणं पलीकडे होतं आणि वैद्य अलीकडे. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीने चाट पडले होते. मी येईपर्यंत ही बाई रोज फाटकाशी उभी असते, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

मिस्त्री गाडी कडुलिंबाखाली घेऊन गेले, पाठोपाठ मी गेले. पुढच्या डाव्या चाकावरची चकचकीत वाटी त्यांनी पान्याने उचकटली आणि तिच्यातून त्यांच्या तळहातावर काय पडलं? एक सुपारी, एक जुना तांब्याचा ढब्बू पैसा, आणि हळदीत बुडवलेल्या फडक्याच्या चिंध्या. पुरचुंडी झिजून फाटली होती. हळू चाललं की पैसा वाटीत गडगडत फिरे. वेग आला की कडेला चिकटून बसे. चिंधीत अडकला की तोही आवाज बंद. मला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी घरासमोर पंक्चर झालं होतं, तेव्हा पंक्चरवाल्याला पाणी द्यायला आत्याबाई स्वतः बाहेर गेल्या होत्या. सुनेला रस्त्यात काही होऊ नये म्हणून त्यांनी ते चाकात घालून घेतलं होतं.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! या सुपारीपायी माझं दर्यापूर जात होतं. मी ती पुरचुंडी मुठीत घेतली आणि निघाले, आता जाऊन सर्वांसमोर ओसरीत आपटते म्हटलं. मिस्त्री आडवे आले. ते छप्पन्न साली बौद्ध झालेले, दसऱ्याला पान्यांनाही हळदकुंकू लावत नसत, फक्त रॉकेलने धुऊन पुसून ठेवत. असल्या गोष्टींवर त्यांची जीभ माझ्याहून तिखट होती. पण त्या दिवशी त्यांनी उलटंच विचारलं.

"बाई, तुमी दर्यापूरले जाता तवा लेकरं कोनापाशी असतात?"

"आत्याबाईंपाशी."

"मंग गाडी पेट्रोलवर चालते असं काहून समजता? गाडी म्हातारीवर चालते. तिले आज चारचौघांत उघडी पाडली त आवाज बंद होईन, अन् गाडी बी."

परत आल्यावर मिस्त्रींनी मामंजींसमोर उभं राहून सांगितलं की दिवाळीत ते चाक आपणच खोललं होतं, तेव्हा एक नट आत विसरलो, चूक माझी. धडधडीत खोटं! आयुष्यात या माणसाने गिऱ्हाइकाला खोटं कारण सांगितलं नव्हतं. मामंजींना एवढा आनंद झाला की ते गाडी विकायचं विसरले आणि हलगर्जीपणावर अर्धा तास बोलले. मिस्त्रींनी बहिरा कान त्यांच्याकडे केला होता. दारात आत्याबाई उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्रींसाठी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला वेगळा कप असे, म्हणून ते आमच्याकडे "मी चहा घेत नाई" असं सांगत. त्या दिवशी आत्याबाईंनी घरातल्या कपबशीत चहा आणला आणि स्वतः हातात दिला. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. त्या आत जाऊन साखरेचा डबाच घेऊन आल्या.

मामंजींनी ती नटाची गोष्ट क्लबात सांगितली, आणि रंगवून सांगितली. श्रावण आता म्हातारा झाला, चाकात नट विसरतो. एकेक करून बंगलेवाल्यांच्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या, न्यायाधीशही गेले. मिस्त्री म्हणत, बरं झालं, त्याईले आवाज बी धड काढता येत नोता. पण कडुलिंबाखाली उरल्या त्या टांगेवाल्यांच्या धुऱ्या आणि माझी मोटार. मामंजींना खरं सांगायचं मी दर महिन्याला ठरवत असे आणि दर महिन्याला पुढे ढकलत असे. आत्याबाईही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड वागायला लागलो होतो, ते मोडवेना.

दोन वर्षांनी मिस्त्रींचा मुलगा अमरावतीला सरकारी नोकरीत लागला आणि त्यांनी अकोला सोडलं. मी गेले तेव्हा सामान बंडीत चढत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, मिस्त्री, माझी गाडी वाचली आणि तुमचं नाव गेलं, मी तोंड उघडायला हवं होतं. ते हसले. हे सगळं आपण आपल्या मतलबाने केलं, असं म्हणाले. त्यांची मुलगी दर्यापूरपलीकडच्या खेड्यात दिलेली होती. तिची दोन मुलं जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी तिला मंगळवारी माझ्या रांगेत बसायला सांगितलं होतं, आणि आवाज सुरू झाला तो नेमका तिच्या नवव्या महिन्यात.

"मला सांगायचं तरी!" मी म्हटलं. "मी तिला आधी आत घेतलं असतं."

"म्हूनच नाई सांगतलं," ते म्हणाले. "रांगीतल्या बाकीच्या बाया बी कोनाच्या तरी पोरीच होत्या." मग त्यांनी विचारलं, "दुपारची मोकळी झाली. पोरगी झाली, चांगली हाये. आठवते का तुमाले माही लेक?"

त्या पावसाळ्यात मंगळवारी दुपारी किती बाळंतपणं केली, कोण जाणे. मी चेहरा आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना. मिस्त्री डावा कान पुढे करून उभे होते. रोग्याच्या माणसांशी मी कधी खोटं बोलत नाही, याचा मला केवढा ताठा होता!

"आठवते तर," मी म्हटलं. "तुमच्यासारखीच आहे, नाकावर राग."

मिस्त्री बंडीवर चढले, घोंगडी सारखी करून बसले.

"नाई बाई, ते तिच्या मायवर गेली. लय गरीब हाये," ते म्हणाले. "पर बरं वाटलं."