सोजरबाईचं आमेन

सोजरबाई साळवेची प्रार्थना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बाई देवाशी भांडतेय. शिरूरच्या बाजारात भाजी विकून तिचा आवाज तयार झालेला. "देवा, मागल्या गुरुवारी सांगितलं व्हतं न्हवं? मग? इसरलास का?" असं ती विचारायची, आणि आम्ही मिटल्या डोळ्यांनी हसू दाबायचो.

मी चालवते ती आमची प्रार्थनासभा गुरुवारची. रविवारची उपासना चर्चमध्ये होतेच, पण रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आमच्या मंडळींना सुट्टी गुरुवारी. म्हणून त्या दिवशी कुणाच्या तरी घरी जमायचं, भजनं म्हणायची आणि मग साखळी प्रार्थना. एकानं मोठ्यानं प्रार्थना करून 'आमेन' म्हटलं की शेजारच्यानं सुरू करायचं. भजनाला टाळ सोजरबाईचे.

मग तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. "ते, ते" एवढंच उरलं. समजायचं मात्र सगळं. दवाखान्यातून आल्यावर तिला आम्ही सभेला न्यायला लागलो, आणि साखळी तिच्यापाशी आली की शंकरराव तिला ओलांडून पुढे निघायचे. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ, चर्चच्या कमिटीत आहेत. "प्रभू, आमच्या या दुबळ्या बहिणीला..." दुबळी! जिनं जन्मभर भाजीची पोती उचलली! दोन-तीनदा असं झालं आणि तिनं यायचंच सोडलं. दारात रिक्षा उभी, आणि ही पलंगाचा कठडा घट्ट धरून.

"आत्या रुसल्यात," तिची सून मोनाली मला म्हणाली. "तिथं बसून सगळ्यांची दया घ्यायची न्हाई त्यांना."

"मग काय हवंय तिला?"

"ते काय बोलून सांगणार हायेत व्हय, बाई?"

ती येत नाही ना, मग सभाच तिच्या घरी घेतली. मोनाली पलंगावर तिच्याजवळ बसली, पलीकडे खुर्चीत शंकरराव. मोनालीनं आमेन म्हटलं. शंकररावांनी लगेच घसा साफ केला, "प्रभू, आमच्या या..."

खण्ण! सोजरबाईनं डाव्या हातातला टाळ पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला. मला वाटलं, भजन हवंय. मी सुरूही केलं.

"ते! ते!" तिनं मान अशी हलवली की मी गप्प.

दोरीला बांधलेला जोडीचा टाळ तिच्या मांडीवर पडला होता. तो तिनं मोनालीकडे ढकलला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. मध्येच भुवया चढायच्या, मध्येच मान झटकायची. नेहमीचंच भांडण चाललं होतं. आम्ही थांबलो. शंकररावही थांबले. शेवटी तिनं डोळे न उघडताच आपला टाळ पुढे केला. मोनालीनं आपला त्यावर वाजवला.

"आमेन," मोनाली म्हणाली. "आत्यांचं झालं. शंकरआप्पा, आता तुमी."

तेव्हापासून सगळ्यांचंच आमेन टाळावर. एक टाळ प्रार्थना करणाऱ्याच्या हातात, दुसरा शेजाऱ्याच्या. कमिटीत कुरकुर झाली. मी ऐकून घेतली नाही. सोजरबाई पुन्हा रिक्षातून सभेला येते, आणि साखळीत तिची पाळी कुणी चुकवत नाही.

गेल्या गुरुवारी शंकररावांची प्रार्थना मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊन आता रेल्वे खात्यापर्यंत पोचली होती. हात जोडायचे म्हणून त्यांनी आपला टाळ माझ्याकडे दिलेला, जोडीचा माझ्या शेजारी सोजरबाईच्या हातात. तिनं एक डोळा उघडला आणि आपला टाळ माझ्यासमोर धरला.

प्रार्थना संपायच्या आत आमेन नियमात बसत नव्हतं. मी वाजवला.