हवालदारीणबाईंचा रविवार

हवालदारीणबाई माणसाकडे पाहत नसत, त्याची तपासणी करत. सुरुवात चपलेपासून. चपलेवरून नजर गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटावर, आणि पोटावर ती इतका वेळ थांबायची की माणूस आपोआप श्वास आत ओढून घ्यायचा. चेहऱ्यापर्यंत यायच्या आधीच त्यांचं मत होऊन गेलेलं असायचं. माझ्या बाबतीत तर ती नजर पोटाच्या वर कधी आलीच नाही.

खरे हवालदार त्यांचे यजमान. फौजेतून सुटून आल्यावर त्यांनी वडसा गावात आमच्या गल्लीत पिठाची चक्की टाकली आणि काही वर्षांनी वारले. चक्की आणि हुद्दा, दोन्ही बाईंकडे आलं. गल्लीतली माणसं त्यांना भीत. मी भीत नव्हतो. मला त्यांचा सरळ राग यायचा. मी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. हिवाळाभर गावोगावी लोकांना हसवतो आणि उरलेलं वर्ष राइस मिलच्या काट्यावर धानाची पोती तोलतो. माझं एकही नाटक बाईंनी पाहिलं नाही. "नाटकवाले भाऊ," असं मला हाक मारायच्या, आणि त्यातल्या 'नाटकवाले'वर असा जोर द्यायच्या की जणू मी कुठे चोरी करताना सापडलोय.

माझी मुलगी प्रणाली फौजेच्या भरतीत निवडली गेली. तिची आई ती चौथीत असताना गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. फॉर्मवर वडिलांशिवाय आणखी एका माणसाचा फोन नंबर मागितला होता. फौजेतलं घर म्हणून मी हवालदारीणबाईंचा लिहिला. माझ्या हातून ज्या काही चुका झाल्या त्यांचा क्रम लावायचा तर ही पहिली.

प्रणाली निघाली त्या दिवशी मी तिच्यासोबत दोन बॅगा दिल्या होत्या. त्यात तिळाचे लाडू, चिवडा, लोणच्याची बरणी, तिची उशी आणि एक छोटा टेबलफॅन. बाई स्टेशनवर आल्या, बल्लारशाच्या गाडीला अजून वेळ होता. त्यांनी फलाटावरच बॅग उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून माझ्या हातात द्यायला लागल्या.

"पोरगी फौजेत जाऊन राह्यली का बारशाले?" त्या म्हणाल्या.

"बाई, तिथं गर्मी असते," मी टेबलफॅन छातीशी धरून म्हणालो.

"मंग? तिच्यासंग वारा घालाले तुमी बी जाता का?"

गाडी सुटली तेव्हा प्रणालीच्या हातात एकच हलकी बॅग होती आणि माझ्या हातात उशी, बरणी आणि पंखा. ओळखीचे लोक विचारत होते, "काय गा, कुठी चालला?" मी कोणालाच उत्तर दिलं नाही.

ट्रेनिंग सात महिन्यांचं. आठवडाभर मुलींचे फोन जमा. रविवारी सकाळी अकरा वाजता मोजकी पाच मिनिटं मिळत. बाईंनी मला आधीच बजावून ठेवलं होतं: "फोनवर तुमी रडाचं नाई. घरची दुखणीखुपणी सांगाची नाई. घरी ये म्हणाचं नाई." मी मान हलवली आणि पहिल्याच रविवारी तिन्ही केलं. पाच मिनिटांतली चार माझ्या हुंदक्यांत गेली. शेवटच्या मिनिटाला प्रणालीनेच मला धीर दिला.

आता इथे माझी बाजूही ऐका. तिच्या टाचा सोलवटल्या होत्या. उस्ताद म्हणजे तिथले शिकवणारे, ते जरा चुकलं की मातीत कोलांट्या मारायला लावत. त्याला म्हणे रगडा म्हणतात. तिसरा महिना लागला, आमच्याकडे धानाची रोवणी चालू होती, पाऊस धो धो, आणि एका रविवारी माझी पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, मले घरी याचं हाय." बस. मी चक्कीवर गेलो आणि बाईंना सांगितलं.

"तिसऱ्या महिन्यात सगळ्याइले याचं असते," बाई चक्कीतलं पीठ चिमटीत तपासत म्हणाल्या. "चवथ्यात नाई येत. गप ऱ्हा."

गप राहणं हा माझा धंदा नाही. दुसऱ्या दिवशी मी ट्रेनिंग सेंटरच्या ऑफिसला फोन लावला आणि तीन हंगामांपूर्वीच्या एका नाटकातला डॉक्टर काढला. भारी आवाज, मध्ये मध्ये चष्मा पुसल्यासारखी विश्रांती. "हॅलो, मैं गडचिरोली से डॉक्टर बोल रहा हूँ. रिक्रूट प्रणाली के पिताजी सीरियस हैं. समय बहुत कम है." प्रयोग रंगला. पलीकडचा माणूस हळहळला. मी स्वतःच्या मरणाची बातमी इतकी सुंदर दिली की फोन ठेवल्यावर मलाच थोडं वाईट वाटलं. मग भूक लागली.

नटाला एक सवय असते, प्रवेश संपला की तो विंगेत जाऊन बिडी ओढतो. पुढे काय होतं ते बघायला तो थांबत नाही. फौज मात्र खात्री करते. आणि खात्री करायला त्यांच्याकडे दुसरा नंबर होता.

मी सुकटाची चटणी आणि भात घेऊन बसलो होतो. दारात हवालदारीणबाई उभ्या. हातात फोन, स्पीकर चालू. त्यांनी माझी तपासणी केली. या वेळी ताटापासून.

"साब," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "पेशंट मेरे सामने है. भात खा रहा है. दूसरी बार लिया है." आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बोला. मरता माणूस कसा बोलते ते साहेबाले आयकू द्या."

माझ्या तोंडात घास होता. तो मी पाण्याच्या घोटाने खाली ढकलला. पलीकडे सुभेदार होते. त्यांनी एकच विचारलं, "बेटी को मालूम है?" मी म्हणालो, "नहीं साब. सब मेरा नाटक है." ते म्हणाले, "उसको मालूम होता तो मैं आज ही घर भेज देता. इस रविवार को आप ख़ुद उसको बताएँगे. हम नहीं बताएँगे."

फोन बंद झाला आणि माझा तोल सुटला. माणसाला आपली चूक उघडी पडली की समोरच्याचं वाईटात वाईट आठवतं. मी ओरडलो, "तुमचा पोरगा तर ट्रेनिंग सोडून पळून आला होता ना? तुमी कोणाले शिकवता?"

बाई चौकटीला टेकल्या. मी त्यांना काही टेकलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पळून नाई आला. मीच बोलावलं. त्याचे बाबा सिरियस होते, खरेखुरे. दहा दिवसांची सुट्टी भेटली त्याले. मी म्हणली तेरवी होऊ दे. मंग म्हणली मले करमत नाई, आणखी थांब. थांबला. मंग फौजेनं नाव काटलं." त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. "जेवून घ्या. थंडा होऊन राह्यला."

त्यांचा मुलगा हैदराबादकडे कुठेतरी कामाला होता आणि वर्षवर्ष येत नव्हता, हे गल्लीला माहीत होतं. का येत नव्हता, ते मला त्या दिवशी कळलं. मी माफी मागितली असती तर बरं झालं असतं. मी भात खाल्ला.

रविवारी प्रणालीला मी खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "लोकं मले का म्हणतीन, बाबा?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, माझा फोन मुका. साडेअकराला मी चक्कीवर गेलो तर बाई आतल्या खोलीतून फोन पदराने पुसत बाहेर येत होत्या.

"पोरगी ठीक हाय," त्या म्हणाल्या.

"माझ्याशी काऊन नाई बोलली?"

"ते तिले विचारा."

"कसं विचारू? ती फोन तुमाले करून राह्यली ना!"

"मंग नका विचारू."

तेव्हापासून माझे रविवार चक्कीवर गेले. अकराला फोन वाजायचा, बाई आत जायच्या, दार लोटून घ्यायच्या, आणि जाता जाता मला हुकूम द्यायच्या, "चक्की पाहा." चक्कीच्या घरघरीत आतलं एक अक्षर ऐकू येत नसे. मी एकदा दाराला कान लावला, तर तेवढ्यात वर ज्वारी संपून दगडावर दगड घासला आणि बाईंनी बाहेर येऊन माझा जो उद्धार केला तो मात्र अख्ख्या गल्लीने ऐकला. पाच मिनिटांची पोचपावती मला दोन शब्दांत मिळायची. "ठीक हाय." कधी "जेवते." एकदा लहर आली तेव्हा "रायफल चांगली मारते" असे तीन शब्द मिळाले. ते मी आठवडाभर पुरवले.

सूड म्हणून मी दळणाला आलेल्या बायांसमोर त्यांची नक्कल करायला लागलो. तोंडाला पीठ, कमरेवर हात, "रडाचं नाई! मान सरळ!" बाया हसून हसून डबे सांडायच्या. एका रविवारी हसणं अचानक थांबलं. बाई माझ्या मागे उभ्या होत्या.

"आवाज जमला," त्या म्हणाल्या. "मान नाई जमली. कोंबडीसारखी कायले पुढं काढता?"

दिवाळीनंतर त्यांना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढल्या की थांबायच्या आणि थांबल्या नाहीत असं दाखवायला भिंतीवरचं पीठ झटकायच्या. धान कापणीच्या दिवसांत मीच त्यांना गडचिरोलीला दवाखान्यात भरती केलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. वाटभर आणि दवाखान्यातही भांडण. मी ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगतो म्हणून, मी नर्सला जास्त नमस्कार करतो म्हणून. तिसऱ्या दिवशी नळ्या लावलेल्या असताना त्यांनी उशाखालून फोन काढून माझ्या हातात दिला.

"रविवारी वाजन. पोरीची शेवटची परीक्षा हाय त्या हप्त्यात, धावाची. परेड होवस्तोवर तिले काई सांगाचं नाई."

"काई होत नाई तुमाले, बाई."

"नाटकवाले," त्या म्हणाल्या. भाऊ म्हणायलाही श्वास पुरला नाही. "जलमभर खोटं बोलत आले. एकडाव कामाचं बोला."

त्या गुरुवारी गेल्या. मुलगा हैदराबादहून आला, अग्नी दिला, चक्कीच्या पायरीवर दिवसभर बसला आणि परत गेला.

रविवारी अकराला मी त्यांच्या आतल्या खोलीत, त्यांच्या खाटेवर, त्यांचा फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. मी पाठ करून ठेवलं होतं: बाई गावाला गेल्यात, लग्न आहे, तिथं रेंज नाही. फोन वाजला. उचलला.

"मावशी?" प्रणाली म्हणाली. आवाज दमलेला, रडायच्या काठावर. "मावशी, मले भेव लागून राह्यलं."

बापाचा आवाज तिने चार महिने ऐकला नव्हता आणि तिला तो नकोही होता. माझं पाठांतर उडालं. पाठ ताठ झाली, मान आपोआप सरळ झाली आणि माझ्या तोंडून हवालदारीणबाई बाहेर आल्या. "भेव कायचं? गप! रडाचं नाई! मान सरळ ठेव अन् धाव! समजलं का?"

ती म्हणाली, "हो मावशी. समजलं." आणि फोन बंद.

तुम्हाला खरं सांगतो, मी घामाने भिजलो होतो, पण आत कुठेतरी नट खूश होता. वीस हंगामांत असा प्रयोग झाला नव्हता. बाईंच्या खाटेकडे बघून मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, "आता बोला! आता काढा चूक!"

प्रणाली परीक्षा पास झाली. परेडला मी एकटा गेलो. शपथ झाली, बँड वाजला, एका अधिकाऱ्याने माझ्या शर्टाला आईबापांना देतात ते पदक लावलं आणि मी ठरवल्याप्रमाणे रडलो. मग मुलींना सोडलं. गणवेशातली एक उंच, काळवंडलेली, अनोळखी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मावशी कधी गेल्या?" तिने विचारलं.

मी लग्नाची गोष्ट सुरू करणार होतो. तिने हात वर केला.

"बाबा. राहू द्या."

"तुले कोणी सांगितलं?"

"तुमीच. त्या रविवारी." तिचा आवाज हलला, पण मान हलली नाही. "मावशी माझ्यावर कधी वरडल्याच नाईत, बाबा. एकडाव बी नाई. तुमी वरडले तवाच समजली मी."

"अन् तरी धावली?"

"मंग का करू? धावली. लाइन पार केली, मंग रडली."

मी विचारलं, "वरडत नव्हत्या, तर मंग पाच पाच मिनिटं बोलत का होत्या तुझ्याशी?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. राग गेलेला नव्हता, तो आजही पूर्ण गेलेला नाही. "ते मी तुमाले काऊन सांगू?" ती म्हणाली, आणि तिकडून कोणी उस्तादाने हाक मारली म्हणून पळत गेली.

पुढे मी बरेचदा विचारलं. ती सुट्टीवर आली की बंद चक्कीच्या पायरीवर जाऊन बसते, आणि मी शेजारी बसलो की उठून घरी येते. चक्कीच्या त्या घरघरीआड चार महिन्यांतले सगळे गोड शब्द त्या बाईने माझ्या मुलीला दिले आणि मला दिलं ते "ठीक हाय". काय बोलल्या असतील ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याबद्दल हवालदारीणबाईंना मी अजून माफ केलेलं नाही.