इंजनात हवा, डोक्यावर फेटा

अड्ड्यावरच्या ड्रायव्हर दोस्तांनो, दुपारधरनं जिवाला चैन न्हाय, म्हणून लिवतोय.

आज नवरीकडचं वऱ्हाड घेऊन गारगोटीला निघालतो. वाटेत डिझेल संपलं. डब्यातलं ओतलं, तरी लॉरी चालू हुईना. मुहूर्ताला तासभर उरलेला. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला आली, वऱ्हाडी बोंबलायला लागले.

माझी दहा वर्षं पेट्रोलच्या गाडीवर गेली. ही डिझेलची लॉरी हातात येऊन महिना झालाय. सवयीनं बॉनेट उघडून प्लगच शोधत बसलो. डिझेलच्या इंजनाला प्लग असतोय कुठला!

तेवढ्यात हळदीनं पिवळी झालेली नवरीच खाली उतरली.

"दादा, इंजनानं हवा धरलीया. पंपाजवळचा नट ढिला करा आन् बुडबुडं थांबूस्तवर हातानं पंप मारा. आमच्या हिरीवरचं इंजन मीच चालवते की."

तिचा मामा खेकसला, "नवरीनं गप बसावं!"

ती परत लॉरीत चढली. मी नट ढिला करून हातानं पंप मारायला लागलो. आधी फसाफसा बुडबुडं आलं, मग नुसतं डिझेल. नट आवळून सेल्फ मारला आन् लॉरी धडधडली.

मुहूर्त गाठला. मांडवात त्याच मामानं मला फेटा बांधला, "ड्रायव्हर लई हुशार!" नवरी समोरच उभी हुती. मी नुसता हसलो.

फेटा खुंटीवर हाय, पर तिकडं बघवंना. खरं सांगा, तुमी तरी त्या मांडवात तिचं नाव घेतलं असतं काय?

मी तर तिला नावबी विचारलं न्हाय.